पाणथळ प्रदेश आणि मानवी हस्तक्षेपाचे मापन

पावसाळ्यात तुडुंब भरणारे, हिवाळ्यात पाखरांनी गजबजणारे आणि उन्हाळ्यात आटून भेगाळणारे एखादे तळे आपल्या देशात बहुतेक गावांच्या जवळपास आढळते. त्याच्या काठी गुरे चरतात, स्त्रिया कपडे धुतात, मुले मासे पकडतात, कुंभार माती खणून नेतो. काही वर्षांनी त्याच तळ्यावर जलपर्णीचे हिरवे आवरण पसरलेले दिसते, पाखरे येईनाशी होतात, आणि गावातील वृद्ध म्हणू लागतात, "तळे बिघडले." तळे बिघडले हे खरे, परंतु ते किती बिघडले, कशामुळे बिघडले, आणि ते सुधारण्यासाठी नेमके काय थांबवावे, या प्रश्नांची उत्तरे नुसत्या नजरेने मिळत नाहीत. ती मापनाने मिळतात. हे मापन शास्त्रज्ञ कसे करतात याची ओळख करून देण्याचा या पुस्तिकेचा हेतू आहे.

पाणथळ म्हणजे काय?

जमीन आणि पाणी यांच्या सीमेवरील प्रदेशास पाणथळ प्रदेश म्हणतात. १९७१ साली इराणमधील रामसर या गावी अनेक राष्ट्रांनी एक करार केला. त्या कराराप्रमाणे दलदली, तळी, नद्या, खाड्या आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरांहून अधिक खोल नसणारे समुद्राचे पाणी या सर्वांचा पाणथळांत समावेश होतो. पाणी गोडे असो वा खारे, वाहते असो वा स्थिर, बारमाही असो वा हंगामी, जलाशय निसर्गनिर्मित असो वा मनुष्याने बांधलेला असो, ते सर्व पाणथळच होय. भारत या करारात १९८२ साली सहभागी झाला. करारान्वये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार १९७० ते २०१५ या पंचेचाळीस वर्षांत जगातील सुमारे ३५ टक्के नैसर्गिक पाणथळ नष्ट झाले.

पाणथळाला मनुष्याचा उपसर्ग पोहोचतो हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि या पुस्तिकेत 'उपसर्ग' किंवा 'उपद्रव' असा शब्द न वापरता 'हस्तक्षेप' हा शब्द योजला आहे. उपद्रव म्हटले की हानी झालीच असे आपण आधीच गृहीत धरतो. हानी झाली किंवा नाही हे तर मोजल्यानंतर ठरावयाचे असते. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

भरतपूरचा प्रश्न

राजस्थानातील भरतपूर शहरालगत केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून ते बव्हंशी मनुष्यनिर्मित आहे. अठराव्या शतकात भरतपूरच्या राजांनी बांधलेल्या अजान बांधाचे पाणी येथील सखल जमिनीत सोडले जाई. पुढे छोटे बांध व पाट घालून संस्थानिकांनी हे बदकांच्या शिकारीचे राखीव स्थान केले. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी योजलेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद तेथील शिलालेखावर आजही वाचावयास मिळते. १९५६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले, १९८१ साली रामसर यादीत त्याचा समावेश झाला आणि १९८२ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

भोवतालच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या उथळ पाण्यात चरत असत. राष्ट्रीय उद्यानात गुरे चरू देऊ नयेत हा सर्वमान्य नियम. त्यास अनुसरून १९८२ च्या नोव्हेंबरात येथील चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांशी झालेल्या संघर्षात काही गावकऱ्यांना प्राण गमवावे लागले. म्हशी गेल्या म्हणजे गवत वाढेल, पाखरांना शांतता लाभेल आणि त्यांची संख्या वाढेल, असा या निर्णयामागील विचार होता. तो खरा ठरला काय? याचे उत्तर देण्यापूर्वी असे प्रश्न सोडविण्याची रीत समजून घेणे इष्ट आहे.

कारणाचे मापन

रुग्णाला ताप किती आहे हे पाहणे आणि ताप कशाने आला हे शोधणे, ही वैद्याची दोन निराळी कामे होत. पाणथळाच्या बाबतीतही तसेच आहे. मनुष्याचा हस्तक्षेप किती, हे एक माप. पाणथळाची प्रकृती कशी, हे दुसरे माप. ही दोन मापे एकमेकांपासून स्वतंत्रपणे घेतली पाहिजेत. तळ्यात पाखरे नाहीत, म्हणून तेथे हस्तक्षेप अधिक असला पाहिजे. आणि हस्तक्षेप अधिक आहे, म्हणून पाखरे नाहीत, असे म्हणणे म्हणजे वर्तुळात फिरणे होय.

हस्तक्षेप मोजण्याची एक रीत अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठातील मार्क ब्राउन व बेंजामिन व्हिव्हास यांनी २००५ साली मांडली. पाणथळाभोवतीच्या जमिनीचा मनुष्य कोणता उपयोग करतो, याचा नकाशा प्रथम तयार करावयाचा. प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर दरवर्षी इंधन, वीज, खते, यंत्रे इत्यादी रूपांनी किती शक्ती खर्ची पडते याचा हिशेब करून त्या प्रकारास एक गुणांक दिलेला असतो. नैसर्गिक रान किंवा दलदल यांचा गुणांक १. ओळींनी पेरलेल्या पिकांचा सुमारे ४.५, आणि शहरातील उंच इमारतींच्या मध्यवर्ती बाजारपेठेचा १०. जमिनीच्या प्रत्येक प्रकाराचा वाटा त्याच्या गुणांकाने गुणून आलेल्या संख्यांची बेरीज केली म्हणजे हस्तक्षेपाचा निर्देशांक मिळतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका तळ्याभोवती शंभर मीटर रुंदीचा पट्टा आखला. त्यातील ६० टक्के भागात रान, ३० टक्के भागात शेती आणि १० टक्के भागात मोठी बाजारपेठ आहे. तर निर्देशांक होईल ०.६० + १.३५ + १.००, म्हणजे २.९५. उद्या शेतीच्या जागीही बाजारपेठ झाली, तर तोच निर्देशांक ४.६० होईल. तळ्यात पाऊलही न टाकता आपण हे माप घेतले, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे गुणांक फ्लॉरिडातील जमिनीच्या उपयोगावरून काढलेले आहेत. ते जसेच्या तसे आपल्या भातखाचरांना किंवा गावठाणांना लावणे योग्य होणार नाही. रीत घ्यावी, अंक मात्र आपल्या देशात आपणच शोधावे.

परिणामाचे मापन

आता दुसरे माप. पाणथळाची प्रकृती तीन साक्षीदार सांगतात : पाणी, वनस्पती आणि प्राणी.

पाण्याची साक्ष रसायनशाळेत घेता येते. फ्लॉरिडाच्या दक्षिणेस एव्हरग्लेड्स नावाचा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे. तेथील पाण्यात वनस्पतींचे पोषण करणारे स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, मुळात अत्यल्प होते, आणि करवतीसारख्या धारदार कडांचे एक लव्हाळे त्या तुटपुंज्या पोषणावर जगण्यास सरावलेले होते. विसाव्या शतकात उत्तरेकडील उसाच्या व इतर शेतांतून स्फुरदयुक्त पाणी दलदलीत येऊ लागले. प्रथम पाण्यातील शेवाळाचे थर बदलले आणि मागाहून पाणकणसाने त्या लव्हाळ्याची जागा घेतली. पाण्याच्या एक अब्ज भागांत स्फुरदाचे १० भाग, इतक्या सूक्ष्म प्रमाणापलीकडे हा तोल ढळतो असे संशोधनान्ती दिसून आले, आणि १९९४ च्या कायद्यानंतर तीच तेथील मर्यादा ठरली. जेथे डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसते, तेथे रसायनशास्त्राच्या साहाय्यावाचून हा बदल कोणास कळला असता?

वनस्पतींची साक्ष निराळ्या प्रकारची आहे. पाण्याचा नमुना त्या क्षणाची स्थिती सांगतो. वनस्पती मात्र गेल्या कित्येक ऋतूंची हकीकत सांगतात. अमेरिकेतील शिकागो परिसरात फ्लॉइड स्विंक व जेरॉल्ड विल्हेल्म यांनी १९७० नंतरच्या दशकात एक पद्धत बसविली. तीत प्रत्येक देशी वनस्पतीस ० ते १० पर्यंत गुण दिले जातात. कोठेही, कशाही स्थितीत उगवणाऱ्या वनस्पतीस ०. जी केवळ अविकृत निसर्गातच तग धरते, तीस १०. तळ्यातील सर्व जातींच्या गुणांची सरासरी काढून ती जातींच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणली, की त्या स्थळाचा निर्देशांक मिळतो. समजा, एका तळ्यात २५ जाती असून त्यांच्या गुणांची सरासरी ४ आहे. तर निर्देशांक ४ गुणिले ५, म्हणजे २० होईल. दुसऱ्या तळ्यात ३६ जाती आहेत, परंतु सरासरी अवघी २ आहे; तर निर्देशांक २ गुणिले ६, म्हणजे १२. जातींची नुसती संख्या मोजली असती तर दुसरे तळे आपण श्रेष्ठ ठरविले असते!

प्राण्यांची साक्ष घेण्याची रीत जेम्स कार या शास्त्रज्ञाने १९८१ साली ओढ्यांतील माशांसाठी मांडली. जातींची संख्या, प्रदूषण न सोसणाऱ्या माशांचे अस्तित्व, सोशिक माशांचे प्रमाण, रोगट माशांचे प्रमाण अशा बारा कसोट्या घ्यावयाच्या, आणि प्रत्येक कसोटीस १, ३ किंवा ५ गुण द्यावयाचे. एकूण गुण कमीत कमी १२ आणि अधिकाधिक ६० होतात. हीच कल्पना पुढे पाणथळांतील कीटक, गोगलगाई, बेडूक, पक्षी आणि सूक्ष्म शैवाले यांना लावण्यात आली.

दोन्ही मापे शेजारी ठेवणे

आता एक आलेख काढावयाचा. आडव्या अक्षावर हस्तक्षेपाचा निर्देशांक, उभ्या अक्षावर प्रकृतीचा निर्देशांक. आणि प्रत्येक पाणथळासाठी एक ठिपका. फ्लॉरिडातील संशोधकांनी अनेक छोट्या दलदलींचे असे ठिपके मांडले, तेव्हा त्यांचा कल डावीकडून उजवीकडे उतरता दिसला. भोवतालच्या जमिनीवरील हस्तक्षेप जसा वाढतो, तशी दलदलीची प्रकृती ढासळत जाते, हे त्यावरून सिद्ध झाले.

अशा आलेखाचा व्यवहारात मोठा उपयोग असतो. जे पाणथळ कमी हस्तक्षेपाचे असूनही रोगट दिसते, त्याचा ठिपका इतरांपासून बाजूला पडतो. तेथे एखादे अज्ञात कारण काम करीत आहे, असा संशय घ्यावा. कदाचित कोठून तरी सांडपाण्याचा गुप्त ओघ येत असेल.

जेथे तुलनेसाठी अनेक पाणथळ नसतात, तेथे त्याच पाणथळाची 'पूर्वी' आणि 'नंतर' अशी तुलना करावी लागते. त्यासाठी बदल घडण्यापूर्वीची नोंद असणे अत्यावश्यक असते. भरतपूरला सुदैवाने ती होती.

भरतपूरचे उत्तर

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूरच्या पाणथळाचा सविस्तर अभ्यास १९८० साली, म्हणजे चराईबंदीच्या दोन वर्षे आधी, सुरू केला आणि तो १९९० पर्यंत चालविला. पाणी, वनस्पती, मासे, पक्षी यांची नोंद वर्षानुवर्षे होत राहिली. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम डिस्टिकम नावाचे पाणगवत व इतर वनस्पती बेसुमार माजल्या. पूर्वी जेथे उघडे पाणी होते तेथे गवताची दाट चटई पसरली. बदकांना पोहण्यास व मासे खाणाऱ्या पक्ष्यांना भक्ष्य शोधण्यास मोकळी जागा उरेना. जे पाणी पाखरांसाठी राखावयाचे, तेच त्यांना दुर्लभ झाले.

म्हशी येथे पाणथळाचे एक काम करीत होत्या, ही गोष्ट बंदीपूर्वी कोणी हिशेबात धरली नव्हती. त्या गवत खाऊन पाणी उघडे ठेवीत, आणि त्यांच्या शेणावर पाण्यातील सूक्ष्म जीव पोसले जात. मनुष्यानेच घडविलेल्या या पाणथळात चराई हा हस्तक्षेप होता खरा, परंतु तो उपद्रव नव्हता. अभ्यासकांनी म्हशींची नियंत्रित चराई हितकर असल्याचे मत नोंदविले. गावकऱ्यांना उद्यानातील गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. परंतु विळ्याने कापलेले गवत आणि पाण्यात उतरून चरणारी म्हैस यांचे काम सारखे नव्हे. १९९० साली, ज्या पाणथळांची प्रकृती धोक्यात आली आहे अशांच्या माँत्रो नोंदवहीत केवलादेवचे नाव चढले. पाण्याची टंचाई आणि चराईचा ढळलेला तोल, ही त्याची कारणे होती.

यावरून गुरांची चराई सर्वत्र हितकर असते, असा अर्थ कोणी काढू नये. गुरांची संख्या, जात, ऋतू आणि पाण्याची खोली यांप्रमाणे तिचा परिणाम बदलतो; एखाद्या डोंगरावरील नाजूक दलदल थोड्याशा गुरांच्या खुरांनीही तुडविली जाईल. भरतपूरचा धडा एवढाच की, जो हस्तक्षेप डोळ्यांना प्रथम दिसतो तोच अपराधी असतो असे नाही. पाण्याच्या टंचाईचे कारण तर उद्यानाच्या कुंपणाबाहेर, वरच्या अंगास होते. गंभीर नदीवरील पांचना धरणानंतर अजान बांधाकडे येणारे पाणी अनिश्चित झाले आणि २००४ नंतरच्या काही वर्षांत उद्यान कोरडे पडण्याची पाळी आली. नदीच्या पाण्याबरोबर येणारी माशांची पिलेही त्यामुळे थांबली. एकेकाळी येथे हिवाळ्यास येणारा पांढराशुभ्र सायबेरियन क्रौंच २००१–०२ च्या हिवाळ्यानंतर येथे दिसलेला नाही. त्याच्या ऱ्हासात प्रवासमार्गावरील शिकारीचाही मोठा वाटा आहे. एकाच कारणावर सर्व भार टाकणे येथेही उचित होणार नाही.

न दिसणारा हस्तक्षेप

धरणाचा हस्तक्षेप पाणी अडवूनच होतो असे नाही. पाणी सतत भरलेले ठेवूनही होतो. मणिपूरमधील लोकटाक सरोवरात कुजलेल्या वनस्पती, मुळे व माती यांची तरंगती बेटे असतात. त्यांना तेथील लोक 'फुमदी' म्हणतात. फुमदीचा सुमारे चार-पंचमांश भाग पाण्याखाली असतो. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की फुमदी तळाशी टेकत, त्यांवरील वनस्पतींची मुळे तळातील मातीतून पोषण घेत, आणि पावसाळ्यात बेटे पुन्हा वर येत. १९८३ साली वीजनिर्मितीसाठी इथाई बंधारा कार्यान्वित झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली. फुमदी तळाला टेकेनाशा झाल्या, पोषणाअभावी पातळ होऊ लागल्या. याच फुमदींवर, केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानात, सांगाई हे दुर्मीळ हरिण राहते. पातळ झालेल्या बेटावर त्याचे वजन पेलेनासे होते. येथे सरोवराकाठी किती माणसे येतात हे मोजून काही निष्पन्न झाले नसते. मोजावयाचे होते ते पाण्याच्या पातळीचे वार्षिक चढउतार आणि फुमदींची जाडी.

मापनातून उपाय

मापनाचे फळ काय, असे कोणी विचारल्यास ओडिशातील चिलिका सरोवराचे उदाहरण द्यावे. हे सरोवर समुद्राला एका मुखाने जोडलेले असून त्यात गोडे व खारे पाणी मिसळते. गाळाने मुखाकडील मार्ग कोंडला, खारटपणा उतरला, गोड्या पाण्यातील तण फोफावले आणि मासेमारी घटली. १९९३ साली चिलिकाचेही नाव माँत्रो नोंदवहीत आले. पाण्याचा खारटपणा, गाळ आणि भरतीओहोटीचा वेग यांची मापे घेतल्यावर रोगाचे मूळ समुद्राशी तुटत चाललेल्या संबंधात आहे, हे निश्चित झाले. २००० सालच्या सप्टेंबरात समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. खारटपणा सुधारला, तण मागे हटले, माशांचे उत्पादन अनेक पटींनी वाढले, आणि २००२ साली चिलिकाचे नाव त्या नोंदवहीतून कमी झाले. सरोवरावर पोट असलेल्या कोळ्यांच्या घरी याचा अर्थ काय झाला असेल, हे सांगावयास नको.

विद्यार्थ्यांना करण्याजोगे

अशा मापनास नेहमीच मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. इटलीतील आंजेलो सेक्की या शास्त्रज्ञाने १८६५ साली पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी वापरली. हातभर रुंदीहून लहान अशी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होईल ती खोली टिपावी. काठावर आकडे रंगविलेला एक खांब रोवून दर आठवड्यास पाण्याची पातळी लिहावी. एका ठरावीक जागेवरून, ठरावीक वेळी पक्षी मोजावे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत याच तत्त्वावर होत आली आहे. पाण्याकडे सावकाश चालत जाताना बगळा किती पावलांवर उडाला, हे अंतर मोजावे. ज्या तळ्यावर पाखरांना त्रास दिला जातो तेथे ते दूरवरूनच उडून जातात, आणि जेथे माणसांपासून भय नसते तेथे बरेच जवळ येऊ देतात. विणीच्या हंगामात मात्र हा प्रयोग करू नये. कारण मोजणाराही हस्तक्षेपच करीत असतो.

त्याच वहीत दुसऱ्या रकान्यात तळ्यावर आलेली गुरे, धुण्यासाठी आलेली माणसे, उपसलेले पाणी, टाकलेला कचरा यांची नोंद असावी. एका वर्षाची वही फारसे सांगणार नाही, कारण पाऊस दरवर्षी सारखा नसतो. पाच वर्षांच्या वह्या मात्र पुष्कळ सांगतील. शाळेतील एक तुकडी जाते व दुसरी येते. वही तीच ठेवावी, जागा तीच ठेवावी, रीत तीच ठेवावी.

भरतपूरच्या अभ्यासाचे मोल त्याच्या आरंभाच्या तिथीत आहे. बंदीपूर्वीच्या दोन वर्षांच्या नोंदी नसत्या, तर नंतर वाढलेले गवत आणि घटलेली पाखरे यांचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे लावला असता. आपल्या गावच्या तळ्यावर उद्या रस्ता येईल, कारखाना येईल, किंवा कदाचित संरक्षणाचे कुंपण येईल. ते हितकर ठरले की अहितकर, हे सांगणारी वही आज सुरू केली तरच त्या दिवशी हाताशी असेल.